तांब्याच्या खाणीवरचं घर

सोलापुरातल्या एका कॉलेजची विद्यार्थिनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका लिहिते आहे. विषय आहे अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या तांब्याच्या खाणपट्ट्यात १९१३ च्या खाणकामगारांच्या संपात, नाताळच्या आदल्या दिवशी झालेली चेंगराचेंगरी. तिनं मला विचारलं, "काका, काय घडलं ते वाचलं. पण ती माणसं रोज कशी जगत होती? काय खात होती, घरी आल्यावर काय बोलत होती? आम्ही सगळी सोलापूरची मुलं, खाण कुणीच बघितलेली नाही. खोटं वाटू नये म्हणून काय करू?"

सगळ्यात आधी हे ऐक: रंगमंचावर खाण आणू नकोस. खाली अंधार असतो, ड्रिलचा आवाज असतो आणि दोन माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडत असतात. यातलं काहीच रंगमंचावर उभं राहत नाही, राहतो तो पुठ्ठ्याचा बोगदा. घर आण. खाणकामगाराच्या घरात खाण पूर्ण दिसते. आणि ते घर कुणाच्या मालकीचं आहे हे पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला कळू दे. एवढं साधलंस तर बाकीचं आपोआप येईल.

हे मी कशाच्या जोरावर बोलतोय ते सांगायला हवं. माझी एकतीस वर्षं तांब्याच्या खाणींत गेली. सुरुवात झारखंडमध्ये घाटशिलाजवळच्या मोसाबनीला झाली, मग राजस्थानात खेतडी, शेवटी मध्य प्रदेशात मलाजखंड. मेट म्हणून लागलो, फोरमन म्हणून निवृत्त झालो आणि सोलापूरला परत आलो. मिशिगनच्या त्या पट्ट्यावर हाती लागेल ते वाचत आलो आहे, कारण आमच्या धंद्याचे जुने गुरू इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे आणि ते तिथंही होते, इकडं कोलारच्या सोन्याच्या खाणींतही होते. आणि मी मिल कामगाराचा मुलगा आहे. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. तुझ्या नाटकाला हेच जास्त उपयोगी पडेल, कारण तुझ्या नटांना खाण माहीत नसली तरी त्यांच्या आज्या-पणज्यांना भोंगा माहीत होता.

भोंग्यापासूनच सुरू करू. आमच्या चाळीत घड्याळ एकाच घरात होतं, पण त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला भाकरी फडक्यात बांधलेली असायची, तिसऱ्याला वडील गेटात. मी मोसाबनीला गेलो तेव्हा पहिल्या रात्री सायरन ऐकून झोपेतच उठून बसलो, वाटलं सोलापुरातच आहे. मिशिगनच्या त्या पट्ट्यातलं कॅल्युमेट हे तुझ्या गोष्टीचं गाव, तिथल्या घरांतही दिवस असाच कंपनीच्या शिट्टीवर चालायचा. आणि जिथं शिट्टीवर दिवस चालतो तिथं अवेळी वाजलेली शिट्टी काय सांगते, हे लहान पोरालाही कळतं. तुझ्या एकांकिकेत एकदा, फक्त एकदाच, भोंगा चुकीच्या वेळी वाजू दे. रंगमंचावरच्या बायकांनी हातातलं काम थांबवायचं, बोलायचं काहीच नाही. त्या दशकात मिशिगनच्या तांब्याच्या खाणींत सरासरी आठवड्याला एक माणूस मरत होता. हा आकडा संवादात घालू नकोस, त्या थांबलेल्या हातांत तो आलेला असेल.

आता तो मुलूख. सुपीरियर सरोवरात बोटासारखा घुसलेला जमिनीचा एक पट्टा आहे, त्याचं नाव कीविनॉ. तिथलं तांबं जगावेगळं. आपल्याकडे खडक भट्टीत घालून तांबं काढावं लागतं, तिथं खडकातच शुद्ध धातू सापडतो. मूळचे रहिवासी ते हजारो वर्षांपासून ठोकून हत्यारं आणि दागिने करत होते. १८४१ मध्ये डग्लस हॉटन या भूवैज्ञानिकाचा अहवाल आला, १८४२ मध्ये ओजिब्वे लोकांबरोबर करार करून सरकारनं जमीन घेतली, आणि लगेच माणसांची रीघ लागली. पुढं कॅल्युमेट अँड हेक्ला ही सगळ्यात बलाढ्य कंपनी झाली. क्विन्सी ही दुसरी मोठी, ती १८४६ मध्ये सुरू झाली आणि जवळजवळ शंभर वर्षं चालली. काही दशकं अमेरिकेचं बहुतेक तांबं इथूनच यायचं. १८८७ च्या सुमारास मोंटाना राज्य पुढं गेलं. म्हणजे तुझी गोष्ट घडते तेव्हा या खाणी जुन्या झालेल्या आहेत, फार खोल गेलेल्या आहेत, आणि दूरच्या नव्या खाणी स्वस्तात तांबं काढताहेत. मालकांच्या कपाळावर आठ्या आहेत. आपल्या मिलच्या शेवटच्या वर्षांत जी हवा होती, ती आठवणारं कुणी घरात असेल तर त्यांना विचार.

आणि बर्फ. वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पडतो, १९७८-७९ च्या हिवाळ्यात तर ३९०.४ इंच पडला. हे सोलापूरच्या प्रेक्षकाला सांगून पटणार नाही, म्हणून पात्रांच्या अंगावर दाखव. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी बूट झटकतो, लोकरीचे हातमोजे चुलीजवळच्या दोरीवर टाकतो. दोरीवर सतत काहीतरी ओलं वाळत असू दे. नेपथ्यात एवढं पुरे.

आता घर. कंपनीनं लाकडी घरं बांधली होती, एकसारखी, ओळीनं. भाडं कमी होतं. डॉक्टर कंपनीचा, त्याचे पैसे पगारातून कापले जायचे. शाळेला कंपनीची मदत, चर्चला जागा कंपनीची. कॅल्युमेटला कंपनीनं बांधलेलं ग्रंथालय होतं, त्यात अनेक भाषांची पुस्तकं होती. ज्यांना कंपनीचं घर मिळत नव्हतं त्यांनी स्वतःच्या पैशानं घर बांधलं, पण तेही कंपनीच्या जमिनीवर, भाडेपट्ट्यानं. भिंती आपल्या, पायाखालची माती दुसऱ्याची. हे सगळं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. दवाखाना जवळ असणं म्हणजे काय ते मी खाणीवर राहून शिकलो, माझी दोन्ही मुलं खाणीच्याच दवाखान्यात जन्मली. पण नोकरी आणि छप्पर एकाच हातात असलं की घरातलं बोलणंसुद्धा बदलतं. नवरा मुकादमाशी भांडून आला की बायको पहिल्यांदा त्याच्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघते.

आमच्या क्वार्टरच्या मागं माझ्या बायकोनं कढीपत्ता लावला होता. रोप सोलापूरहून नेलं होतं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन. बावीस वर्षांत ते छपराच्या वर गेलं. क्वार्टर सोडायच्या दिवशी सामान ट्रकमध्ये चढलं, चावी द्यायला मी निघालो, तर ही बादली घेऊन मागं. म्हटलं, आता कशाला पाणी घालतेस? म्हणाली, "नवीन माणसं कधी येतील कुणास ठाऊक, चार दिवस तरी निघतील." अगदी असंच दृश्य लिही असं म्हणत नाही. पण त्या बर्फाळ मुलखातल्या बाईनंही खिडकीत काहीतरी लावलेलं असेल, परसात बटाटे असतील. तिथल्या बऱ्याच कुटुंबांनी गाय पाळलेली असायची. संपाच्या दिवसांत घर खाली करायची भीती आली की ती बाई गायीचं नाव घेईल, घराचं घेणार नाही.

बायकांचं काम या गोष्टीत मधोमध असलं पाहिजे. एकट्या आलेल्या कामगारांना राहायला खोल्या नव्हत्या. मग क्रोएशियन, फिनिश, इटालियन कुटुंबं घरात पाहुणे ठेवायची, पैसे घेऊन. आपल्याकडे खाणावळ म्हणतात तसं, फक्त झोपायलाही तिथंच. एका बाईच्या अंगावर स्वतःचा नवरा, चार मुलं आणि वर सहा-आठ परके पुरुष. त्यांचे डबे, त्यांचे चिखलाचे कपडे, त्यांचं अंघोळीचं पाणी. पाणी बाहेरच्या पंपावरून आणायचं, बर्फातून. काही घरांत एक माणूस दिवसपाळीला गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच अंथरुणावर झोपायचा. मुंबईत गिरणगावात गेलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी हेच केलं आणि त्यांच्यासाठी डबे रांधणाऱ्या बायकाही होत्याच. म्हणून मराठी प्रेक्षकाला ही बाई परकी वाटायची नाही. कामगार म्हणून तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, पण तिचे डबे गेले नाहीत तर पाळी उभी राहणार नाही.

अशाच एका घरावर १४ ऑगस्ट १९१३ ला गोळ्या चालल्या. पेन्सडेलजवळ सीबरव्हिल म्हणून वस्ती होती. संप सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. दोन संपकरी नेहमीच्या पायवाटेनं घरी परत निघाले होते, पण ती वाट कंपनीच्या जागेतून जायची आणि आता तिथून जायला मनाई होती. हुज्जत झाली. थोड्या वेळानं हत्यारबंद माणसं त्या क्रोएशियन खाणावळीभोवती आली आणि त्यांनी घरात गोळ्या झाडल्या. दोघे मेले. कालपर्यंत जी वाट पायाखालची होती तिथून आज चाललं म्हणून. घर आणि जमीन कुणाची, हा प्रश्न मी इतका लावून धरतोय तो यासाठी.

पुरुष घरी आला की काय होतं? हे मला विचारलंस ते बरं केलंस, कारण नाटकवाले इथंच चुकतात. ते त्याला काळ्या तोंडानं घरात आणतात. कोळशाच्या खाणीचं चित्र डोक्यात असतं. तांब्याच्या खाणीत माणूस काळा होत नाही. तो करड्या मातीचा होतो, लालसर चिखलाचा होतो, आणि घामानं भिजलेला असतो. खोल खाणीत बाहेर कितीही थंडी असली तरी उकडतं. मिशिगनला तर वर हाडं गोठवणारा वारा आणि खाली घामाच्या धारा. म्हणून शाफ्टजवळ, म्हणजे खाणीत उतरायच्या विहिरीजवळ कपडे बदलायची इमारत असायची, तिला ते ड्राय म्हणायचे, कारण ओले कपडे तिथंच वाळायला टांगायचे. फिनिश माणसाला शनिवारी संध्याकाळी सौना हवाच, लाकडी खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफेत बसायचं. त्यामुळं घरात येणारा माणूस धुतलेला असू दे, पण दमलेला. दमणं कसं दाखवायचं? तो बूट काढायला खाली वाकतो आणि काही वेळ तसाच बसून राहतो.

दोन गोष्टी माझ्या अंगावरच्या सांगतो. पहिली कानांची. ड्रिलवर काम केलेला माणूस चाळिशीत ऐकायला कमी येतं असा होतो. घरात मोठ्यानं बोलतो, परक्याला वाटतं रागावलाय. आमचा धाकटा जेवायला नेहमी माझ्या उजव्या हाताला बसायचा, कारण डावा कान गेलेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माझे वडीलही असेच, साचेखात्यातल्या खडखडाटात राहून ओठांवरून बोलणं ओळखायचे आणि घरात ओरडून मीठ मागायचे. आपल्या शहरात असे आजोबा कितीतरी असतील. तुझ्या बापाचं काम करणाऱ्या मुलाला अशा एका आजोबांजवळ तासभर बसव.

दुसरी डोकेदुखीची. सुरुंगाच्या दारूत नायट्रोग्लिसरीन असायचं. कांड्या हाताळल्या की डोकं फुटेल असं ठणकतं. रोज हाताळत राहिलं की सवय होते, पण आठ दिवस रजेवर जाऊन आलं की पुन्हा पहिल्यापासून. गौरी-गणपतीची रजा संपवून मी कामावर रुजू झालो की पहिल्या संध्याकाळी ही न विचारता दिवा मालवायची आणि ओलं फडकं कपाळावर ठेवायची. मिशिगनलाही डायनामाइटच वापरायचे. हे कारण संवादात सांगितलं नाहीस तरी चालेल. बाई दिवा बारीक करते, पोरांना दटावते, पोरं गप्प होतात. पुरे.

खाण्याबद्दल. कॉर्नवॉलच्या माणसांनी पॅस्टी नेली. मैद्याच्या जाड पोळीत मांस, बटाटा, कांदा, सलगम भरून करंजीसारखं दुमडायचं, कडा मुरडायच्या आणि भाजायचं. खिशात मावतं, सांडत नाही, हातात धरून खाता येतं. ते पुढं फिनिश, इटालियन सगळ्यांनीच उचललं, आणि आज त्या भागात पॅस्टी ही सगळ्यांचीच. डबा मजल्यांचा असायचा, तळाला चहा. कार्बाइडचे दिवे यायच्या आधी हॅटवर मातीच्या गोळ्यात मेणबत्ती खोचून काम चालायचं, आणि फावड्यावर पॅस्टी ठेवून मेणबत्तीवर गरम करायचे असं सांगतात. मी सुट्टीहून परत जाताना पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी न्यायचो. महिनाभर टिकायची. खाली लेव्हलवर संथाळ जोडीदार माझी शेंगाचटणी त्याच्या भाताला लावून खायचा आणि हसायचा, तिखटानं डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या चटणीचं नाव त्यानं "सोलापूर" असंच पाडलं होतं. "आज सोलापूर आणलंय का?" असं विचारायचा.

जोडीदार हा शब्द लिहिला म्हणून आता संपाच्या मुळाशी येतो. इथं थोडं थांबून वाच.

खडकात भोक पाडायचं यंत्र आधी दोन माणसांचं होतं. जोडी वर्षानुवर्षं तीच असायची, बरेचदा भाऊ-भाऊ, बाप-लेक, एका गावचे. १९११ नंतर कंपन्यांनी एका माणसाचं ड्रिल आणलं. वजन जवळपास निम्मं, काम तेवढंच. मालकांच्या दृष्टीनं हिशेब साधा होता, खोल गेलेली खाण आणि मोंटानाशी स्पर्धा. कामगाराला वेगळं दिसलं. निम्म्या माणसांची गरज संपली हे तर झालंच. पण अंधारात, इतक्या खोल, एकटं. छतातून दगड सुटला तर "सरक" म्हणून ओरडणारं कुणी नाही. पायावर पडला तर उचलणारं नाही. त्या यंत्राला ते विधवा करणारं यंत्र म्हणायचे. मी स्वतः हजारो वेळा जोडीदाराच्या आवाजावर मागं सरलो आहे. छताला लोखंडी सळई ठोकून बघतात, घट्ट खडक खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. माझा कान गेल्यावर तो फरक मला ऐकू येईनासा झाला, तेव्हा माझ्यासाठी सळई जोडीदार वाजवायचा आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचो. म्हणून २३ जुलै १९१३ ला वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्स या खाणकामगारांच्या युनियनच्या झेंड्याखाली हजारो माणसं बाहेर पडली तेव्हा त्यांच्या मागण्यांत आठ तासांचा दिवस आणि रोजचे किमान तीन डॉलर यांच्या जोडीला हे ड्रिलही का होतं, ते मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. तुझ्या नाटकात नवरा बायकोला हे सांगू शकेल: "उद्यापासून मी एकटा." यावर तिनं काय करायचं ते तू ठरव.

आता वाट बघणं. ही गोष्ट माझीच, खाणीचं नाव सांगत नाही. एकदा वीज गेली आणि आमचा पिंजरा, म्हणजे माणसांची लिफ्ट, शाफ्टमध्ये मधेच थांबला. कुणाला काही इजा झाली नाही, साडेतीन तासांनी वर आलो. आत आम्ही अठरा जण होतो. पहिला अर्धा तास गप्पा, मग सगळे गप्प, आणि शाफ्टच्या भिंतीवरून ठिबकणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. पण मला सांगायचंय ते वरचं. वस्तीत बातमी पोचली आणि बायका गेटवर आल्या. मला नंतर कळलं की कुणी रडलं नाही. एक बंगाली वहिनी विणकाम घेऊन आली होती, ती उभ्यानं विणत राहिली. आमच्याकडे खाली जाताना पितळी टोकन बत्तीघरात द्यायचं आणि दिवा घ्यायचा, वर आल्यावर दिवा द्यायचा आणि टोकन घ्यायचं. कोण वर आलं ते टोकनांवरून कळतं. माझा नंबर दोनशे सतरा. माझ्या बायकोनं गेटवरच्या माणसाला माझं नाव नाही विचारलं. "दोनशे सतरा आला का?" एवढंच विचारलं. पंचवीस वेळा तरी विचारलं असेल. घरी आल्यावर दोघंही काहीच बोललो नाही. तिनं भात टाकला. तुझ्या नाटकात टोकन घेऊ नकोस, ते आमचं आहे. ते वाट बघणं घे.

भाषेचा प्रश्न तुला पडला असेल. त्या गावात इंग्रजी, फिनिश, क्रोएशियन, स्लोव्हेनियन, इटालियन, सगळं एकाच रस्त्यावर बोललं जायचं. कॅप्टन म्हणजे मुकादम कॉर्नवॉलचे, आणि अडीच टनांच्या भरलेल्या गाड्या हातानं ढकलणारे फिनिश, क्रोएशियन, इटालियन. फिनिश कामगारांचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं, ट्योमिएस, जवळच्या हॅनकॉक गावात निघायचं. हे सगळं मराठीत कसं आणायचं? अगं, तू सोलापुरात आहेस! तुझ्या गटात तेलुगू बोलणारं कुणीतरी असेलच, कन्नड असेल, उर्दू असेल. कॅप्टनला पुस्तकी मराठी दे, बाकीच्यांना आपापल्या घरची बोली. शेजारणी एकमेकींशी मोडक्या तिसऱ्याच भाषेत बोलतील. पूर्वभागातल्या कुठल्याही बोळात संध्याकाळी उभी राहा, तुला संवाद मिळतील.

ॲना क्लेमेंकला नाटकात घ्यायचं का, असं तू विचारलं होतंस. घे, पण मागं ठेव. ती कॅल्युमेटमध्येच जन्मलेली, स्लोव्हेनियन घरातली, सहा फुटांहून उंच. मोठा थोरला अमेरिकी झेंडा घेऊन ती रोजच्या मोर्चाच्या पुढं चालायची. नाताळचा कार्यक्रमही तिच्या, म्हणजे युनियनच्या महिला शाखेनंच ठरवला होता. तिचं नाव इतकं मोठं आहे की ती आली की सगळी गोष्ट तिची होते. तुझी बाई मोर्चात चौथ्या रांगेत आहे आणि तिच्या मनात चुलीवर ठेवलेल्या पातेल्याची काळजी आहे.

२४ डिसेंबरबद्दल मोजकंच सांगतो, कारण तू वाचलेलं आहे. इटालियन हॉलच्या वरच्या मजल्यावर संपकऱ्यांची शेकडो मुलं जमली होती, मिठाई आणि हातमोजे वाटायचे होते. कुणीतरी "आग" असं ओरडलं. आग नव्हती. जिन्यात माणसं माणसांवर पडली. ७३ मेले, त्यातली ५९ मुलं. कोण ओरडलं ते कधीच सिद्ध झालं नाही, म्हणून तूही ठरवू नकोस. खालची दारं आत उघडत होती म्हणून माणसं अडकली, असं शंभर वर्षं सांगितलं जातं, पण त्यावर वाद आहे, तेही टाळ. चेंगराचेंगरी दाखवू नकोस. मुलांचे मृतदेह नगरभवनात आणले गेले, आणि त्याच इमारतीत त्या गावाचं नाट्यगृह होतं, १९०० मध्ये उघडलेलं, जिथं सारा बर्नहार्टसारखी नटी येऊन गेली होती. तू नाटकाची माणूस आहेस, या गोष्टीचं काय करायचं ते तुला माझ्यापेक्षा कळेल. मला तर वाटतं, तुझ्या रंगमंचाचंच ते नगरभवन करावं. २८ डिसेंबरला अंत्ययात्रा निघाली, हजारो माणसं बर्फातून चालली. संप एप्रिल १९१४ मध्ये मागं घेतला गेला, आणि परत कामावर जायला युनियनचं कार्ड जमा करावं लागलं. हॉलची इमारत १९८४ मध्ये पाडली, दाराची कमान तेवढी ठेवली आहे.

नाटकात सण असेल तर मात्र त्याआधी एक आनंदाचा दिवस असू दे. मोसाबनीला संक्रांतीला टुसूचा सण असायचा, मुली रंगीत कागदाची चौडल, म्हणजे मखरं घेऊन नदीवर जायच्या, गाणी म्हणत. त्याच दिवसांत इकडं सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नंदीध्वज. मला दरवर्षी त्या आठवड्यात घरची फार आठवण यायची, आणि दरवर्षी शेजारचे लोक मला ओढून सुवर्णरेखेच्या काठावर न्यायचे. विश्वकर्मा पूजेला, १७ सप्टेंबरला, घरच्यांना आवारात येऊ द्यायचे. तेव्हा मुलांनी पहिल्यांदा हेडगियरच्या, म्हणजे शाफ्टवरच्या मनोऱ्याच्या चाकाखाली उभं राहून वर बघितलं. थोरली म्हणाली, "बाबा, यालाच तुम्ही रोज लटकता?" मी हो म्हणालो. त्या रात्री ती आमच्या खोलीत झोपायला आली. खाणपट्ट्यातली मुलं लवकर मोठी होतात, पण त्यांना खेळताना दाखव. दगडगोटे, बर्फाचे गोळे, भरलेल्या गाड्या ढकलायचा खेळ.

शेवटचा प्रश्न नेपथ्याचा होता, टेबलावर तांब्याचा दगड ठेवायचाय तर कसा रंगवू. रंगवू नकोस, खरा ठेव. कीविनॉचं बरंचसं तांबं जुन्या लाव्हाच्या खडकात आहे, म्हणजे बेसाल्टमध्ये. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली आणि पुढं त्यांत तांबं भरलं. आपल्या सोलापूरचा काळा पाषाणही बेसाल्टच. त्यातही तशीच भोकं असतात, फक्त त्यांत पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या असतात. तिकडचा खडक शंभर कोटी वर्षांहून जुना, आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा. शहराबाहेर कुठल्याही खडी क्रशरवर जा, भोकाभोकांचा जड दगड माग, मूठभर मिळेल. भोकांतली पांढरी गार खिळ्यानं कोरून काढ आणि तिथं तांब्याच्या तारेचे गोळे ठोकून बसव. जुन्या मोटारीच्या वाइंडिंगची तार भंगारवाल्याकडे मिळते, फक्त तिच्यावरचा रोगणाचा थर आधी खरवडून काढ. वरून मीठ आणि व्हिनेगरचं पाणी लावून दोन दिवस ठेव, हिरवट येईल. दगड पुरेसा जड असू दे, म्हणजे नट तो उचलेल तेव्हा त्याचा खांदा खरोखर खाली येईल.